‘ते पिंप आमचं!’ – मुंबईतल्या संगीत मंडळांना खुलं पत्र

मुंबईतल्या सर्व संगीत मंडळांच्या कार्यकारिणींना,
सप्रेम नमस्कार.

गेली अठ्ठावीस वर्षं मी तानपुऱ्यावर बसते आहे. तुमच्यापैकी बऱ्याच मंडळांच्या बैठकांना बसले आहे, पण तुम्ही मला नावानं ओळखत असाल असं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तानपुरेवालीचं नाव निवेदक अगदी शेवटी घेतो, तेव्हा लोक चपला शोधत असतात. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. पाडल्या जाणाऱ्या जागांच्या आठवणींच्या बैठका कशा कराव्यात, याबद्दलची एक विनंती आहे.

गेल्या थंडीत एका मंडळाचा कार्यक्रम झाला. गिरगावातल्या एका पाडलेल्या वाडीच्या आठवणींचा. पडद्यावर वाडीचे जुने फोटो आणि समोर प्रत्यक्ष ख्यालगायन, अशी कल्पना. मला ती इतकी आवडली की मानधनाचं न विचारताच मी हो म्हणून बसले. बैठक मांडली होती पडद्याच्या बरोबर पुढे. म्हणजे पडदा माझ्या पाठीमागे. पूर्ण कार्यक्रमात मला एकही फोटो दिसला नाही. दिसत होती ती फोटो बघणारी माणसं. अंधारात बसलेल्या त्या चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड पडायचा, जायचा, पुन्हा पडायचा. गायकानं झुमरा या चौदा मात्रांच्या तालात विलंबित ख्याल सुरू केला होता, चांगला संथ. त्याचं एक आवर्तन पुरं होईपर्यंत चेहऱ्यांवरचा उजेड आठ-नऊ वेळा बदलत होता. गायक गांधारावर जरा थबकला की माझ्या पाठीमागे तेवढ्यात दोन फोटो येऊन गेलेले असायचे.

तिसऱ्या रांगेतल्या एक बाई अर्धवट उठल्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. चांगलं मोठ्यानं म्हणाल्या, “ते पिंप आमचं! चौदा नंबर... ते बघ, वर लिवलंय!” शेजारच्या माणसानं मान वर केली तोवर उजेड बदललेला होता. बाई क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या. इकडेतिकडे बघितलं, आणि आपण काही चुकीचं केल्यासारख्या खाली बसल्या. मागून कुणीतरी ‘शू’ केलं होतं.

त्यानंतर विंगेतल्या कार्यकर्त्यानं घड्याळावर बोट ठेवून गायकाला खूण केली. फोटोंची फिल्म ठरलेल्या मिनिटांची बनवून आणलेली होती आणि ती कुणासाठी थांबणार नव्हती. विलंबित ख्याल अंतऱ्यापर्यंत, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागापर्यंत, पोचलाच नाही. द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, चार मिनिटांत उरकली. शेवटचा फोटो आणि तीनदा म्हणून संपवायची तिहाई बरोबर एका वेळी संपली, टाळ्या झाल्या, आणि ‘काय जमून आलं’ असं पुढच्या रांगेतले दोघं-तिघं म्हणालेही. चहाच्या वेळी मी संयोजकांना विचारलं, पिंपाचा तो फोटो मला बघायला मिळेल का? ते म्हणाले, सगळा डेटा एडिटिंगवाल्याकडे आहे. त्या बाई मला चहाच्या टेबलाजवळ दिसल्या नाहीत.

मंडळाचं नाव घेत नाही. हेतू चांगला होता यात शंका नाही, खर्चही बराच झाला असणार. पण असे कार्यक्रम आता वाढणार आहेत, कारण शहर पाडलं जातंय. चाळी, वाड्या, गल्ल्याच्या गल्ल्या. पाडलेल्या जागेची आठवण काढायची तर जुने फोटो आणि शास्त्रीय संगीत ही जोडी कुणालाही पटकन सुचते. दोन्ही जुनं, दोन्ही हळवं. सुचणं चुकीचं नाही. जोडी कशी लावायची, याचं मात्र जरा बोलायला हवं.

माझी विनंती एका ठरावीक जागेबद्दल आहे. भेंडीबाजार.

ख्यालाच्या घराण्यांची नावं एकदा मनात म्हणून बघा. ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर, पतियाळा, रामपूर. गावं आणि संस्थानं. मुंबईतल्या एका मोहल्ल्याचं नाव धारण करणारं घराणं एकच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरादाबादकडच्या बिजनौरहून छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ मुंबईत आले आणि भेंडीबाजारात राहिले. लोक त्यांना भेंडीबाजारवाले म्हणू लागले, आणि गायकीलाही तेच नाव चिकटलं. त्या नावाचा उगमही गमतीचा आहे. कुणी म्हणतं तिथं भेंडीची झाडं होती. कुणी म्हणतं क्रॉफर्ड मार्केटच्या पाठीमागचा भाग, म्हणून गोरे साहेब ‘बिहाइंड द बझार’ म्हणायचे आणि त्याचंच भेंडीबाजार झालं. मला झाडांची गोष्ट जास्त आवडते, पण माझ्या आवडीनं इतिहास ठरत नाही.

या एका मोहल्ल्यातून काय काय निघालं बघा. अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढे कुमार गंधर्वांनी त्यांच्याकडून घेतलं, किशोरीताई आमोणकर त्यांच्याकडे शिकल्या. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ ‘अमर’ या नावानं बंदिशी बांधत. कर्नाटक संगीतातला हंसध्वनी राग आज आपल्याकडे कुठल्याही बैठकीत घरचा असल्यासारखा वावरतो, त्यात त्यांच्या बंदिशीचा वाटा मोठा आहे. लता मंगेशकरांनी सुरुवातीच्या काळात त्यांच्याकडे तालीम घेतली. शिवकुमार शुक्ल, रमेश नाडकर्णी, त्र्यंबकराव जानोरीकर हे त्यांचेच शिष्य, आणि जानोरीकरांकडून ती विद्या सुहासिनी कोरटकरांकडे आली. अमान अली १९५३ मध्ये गेले. ध्वनिमुद्रण फार थोडं मागे राहिलं. राहिल्या त्या बंदिशी, तोंडातोंडी.

म्हणजे भेंडीबाजार हे नाव आज पुण्यात, दिल्लीत, कुठल्याही गावच्या संगीत महोत्सवाच्या पत्रिकेवर छापून येतं. आणि खुद्द भेंडीबाजार बहुतांशी पाडला गेलाय किंवा पाडायच्या वाटेवर आहे. १६.५ एकर, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं, १,२५० दुकानं असा तो समूह पुनर्विकासाचा आराखडा आहे. काही मनोरे उभे राहिले, लोक राहायलाही आले. बाकीचं काम अनेक वर्षं चालू आहे.

इथं मला एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हे पत्र ‘जुनं ते सोनं’वाल्यांच्या गठ्ठ्यात जाऊन पडेल. त्या इमारती पाडू नयेत असं मी म्हणत नाही. ज्यानं टेकू लावलेल्या जिन्यावरून पाण्याची कळशी वर नेली नाही, त्यानं लाकडी कठड्यांच्या सौंदर्यावर बोलू नये. मजल्यावर एक संडास, सकाळची रांग, पावसाळ्यात भिंतीला हात लावला की शॉक. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. रिकाम्या करायच्या इमारतींच्या यादीत ती होती. या आकड्यासमोर माझ्यासारखीनं हेरिटेजची भाषा करणं शोभत नाही.

शिवाय हा भाग पहिल्यांदा पाडला जात नाहीये. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, आणि त्यानं दाट वस्त्या कापून हवा खेळवणारे रुंद रस्ते काढले. सँडहर्स्ट रोड त्यातलाच. पुढे त्याच सँडहर्स्ट रोडवर विष्णू दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालयाची स्वतःची इमारत उभी केली आणि कर्जापायी ती हातची गेली. म्हणजे वस्ती पाडून रस्ता झाला, रस्त्यावर संगीताची वास्तू आली आणि तीही टिकली नाही. २००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल झाला. आता आपण बसमधून दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांच्या उंचीवरून कुणाचं तरी स्वयंपाकघर बघत निघून जातो. बघतो आणि विसरतो. गाडी थांबली तरच एखादी कढई लक्षात राहते.

मग आठवण कशाची काढायची? मला याचं उत्तर त्या घराण्याच्या तालमीतच सापडलं, आणि ते सापडल्यापासूनच हे पत्र डोक्यात घोळतंय.

भेंडीबाजारच्या गायकीत खंडमेरूला फार मान. तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्या सभासदांपैकी सगळे गाणारे नसतात, म्हणून लिहिते. थोडे स्वर घ्यायचे आणि त्यांचे सगळे क्रम पालटून पालटून म्हणायचे. तीन स्वरांचे ६ क्रम होतात, चारांचे २४, पाचांचे १२०, सातांचे ५,०४०. स्वर तेच. सा, रे, ग. पण ‘सा ग रे’ म्हटलं की गोष्टच वेगळी होते. शिकताना हे अत्यंत कंटाळवाणं असतं, माझ्या गुरूंनी तर मला रडवलं होतं. एकदा मी वैतागून म्हटलं, गुरुजी, स्वर तर तेच तेच आहेत. ते म्हणाले, “स्वर तेच असतात गं. शेजार बदलतो.”

पुनर्विकासात नेमकं हेच होतं. कुटुंबं तीच राहतात, बरीचशी परतही येतात, कायद्यानं त्यांना घर मिळतं, आणि ते पूर्वीपेक्षा मोठं आणि आतल्या संडासाचं असतं. पण सोडत निघते. जी भिंतीपलीकडून वाटीभर साखर मागायची ती आता बावीस मजले खाली. ज्याच्याशी पाण्यावरून वीस वर्षं भांडण होतं तो दुसऱ्या मनोऱ्यात. गॅलरीतून सरळ चालत गेलं की कुठल्या दारानंतर कुठलं दार यायचं, कुठल्या दाराशी कांदा परतल्याचा वास आणि कुठल्या दाराशी अत्तराचा, हा क्रम कुठल्याच करारनाम्यात लिहिलेला नसतो. क्षेत्रफळ लिहिलेलं असतं. म्हाडाच्या यादीत नावं असतात, खोली क्रमांक असतात, पागडीच्या पावत्या असतात. शेजार नसतो.

तो असतो फोटोत. कोण कुणाच्या बाजूला उभं आहे. लग्नाच्या फोटोत कडेला कुणाची म्हातारी उभी केली आहे. कुणाचं पिंप कुणाच्या दाराशी आहे. म्हणून त्या बाई स्वतःच्या घराचा फोटो बघून ओरडल्या नाहीत, पिंप बघून ओरडल्या. त्यावरचा चौदा नंबर म्हणजे तेरा आणि पंधरा यांच्या मधली जागा.

आता फोटोंविषयी. वस्ती पाडण्याआधी सरकारनं फोटो काढून ठेवायचे ही पद्धत जुनी आहे. ग्लासगोत १८६८ पासून थॉमस अ‍ॅनननं शहर सुधारणा ट्रस्टसाठी जुन्या बोळांचे फोटो काढले. पॅरिसमध्ये चार्ल्स मार्व्हिलनं त्याच सुमारास पाडायच्या गल्ल्यांचे चारशेच्या वर काढले. फार सुंदर फोटो आहेत, जरूर बघा. पण मार्व्हिलच्या गल्ल्या निर्जन दिसतात. त्या काळी कॅमेऱ्याचं झाकण कित्येक सेकंद उघडं ठेवावं लागे. जो चालत होता तो काचेवर उमटलाच नाही. उमटला तर एक धुरकट रेघ. भिंत उमटली, दिवा उमटला, दगड न् दगड उमटला, आणि गजबजलेली गल्ली कागदावर ओसाड झाली. पाडणाऱ्याला ते सोयीचंच, तिथं राहणारं कुणी दिसतच नाही.

आज कॅमेरा वेगवान आहे, पण संग्रहांमधली निवड अजून मार्व्हिलच्याच वळणाची असते. वास्तुविशारदांनी काढलेले फोटो पटकन हाती लागतात, कारण ते जपलेले, मोठे, स्पष्ट असतात. नक्षीदार कठडे, रंगीत काचा, जिने. माणसांचे फोटो घरोघरच्या अल्बममध्ये असतात आणि घर रिकामं करताना काय जातं आणि काय येतं याला काही नियम नाही. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर मी जुन्या तबकड्यांसाठी जाते. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात तबकड्यांच्या खोक्याशेजारी दुसरं खोकं होतं, सुट्ट्या फोटोंचं. साखरपुडे, बारसं, शाळेचे वर्ग, पासपोर्ट साइजची माणसं. मी त्यातला एक पोस्टकार्डाएवढा फोटो चाळीस रुपयांना घेतला. कुठला म्हणून विचारलं तर दुकानदार मान न वळवता म्हणाला, “इधर का ही है, और किधर का?” तेवढ्यावर तो भेंडीबाजारचा आहे असा दावा मी करणार नाही.

फोटोत लाकडी गॅलरी आहे. तीन मुलगे कठड्याला टेकून, एकाच्या पायात चप्पल नाही. मागे छताला लावलेला टेकू. संगीताशी त्या फोटोचा काडीचा संबंध नाही. तो मी घरी पेटीच्या खोक्यावर उभा करून ठेवला. एका रविवारी माझ्या दोन विद्यार्थिनी आणि शेजारचे चार-पाच जण आले होते, तेव्हा सहज म्हटलं, आज याच्याकडे बघत बसू या. एक फोटो, एक राग. मोठ्या विद्यार्थिनीनं हंसध्वनी गायला, मध्यलयीत, अर्धा तास. पहिली पाच मिनिटं सगळे मुलांकडे बघत होते, मग कंटाळून इकडेतिकडे. पंधरा-वीस मिनिटांनी शेजारचे काका गाणं चालू असतानाच हलकेच पुढे सरकले आणि चष्मा वर करून बघू लागले. गाणं संपल्यावर म्हणाले, मागच्या दाराच्या फटीत कुणाचा तरी हात आहे. आम्ही सगळे वाकलो. खरंच होता. बांगड्या घातलेला, दार धरून ठेवलेला. फोटोवाल्याच्या चौकटीत येऊ नये म्हणून दाराआड राहिलेली कुणीतरी. चाळीस वेळा बघितलेल्या फोटोत मला तो हात दिसला नव्हता.

यात जादू काही नाही. ख्याल ऐकताना तोच तोच मुखडा पुन्हा येतो आणि प्रत्येक खेपेला कान नवं काहीतरी शोधतात. डोळ्यांना तेवढा वेळ मिळाला तर तेही शोधतात. सहा सेकंदांत फक्त ‘अरे वा, जुना फोटो’ एवढंच होतं.

तर माझं मागणं असं. भेंडीबाजारची बैठक कराल तेव्हा गाण्याला पडद्यामागचं संगीत करू नका, आणि फोटोंना गाण्याचं नेपथ्य करू नका. फोटो छापून घ्या, मोठे, साध्या पुठ्ठ्यावर, आणि सभागृहाबाहेरच्या मोकळ्या जागेत गॅलरीच्या क्रमानं टांगा. ज्या दारानंतर जे दार होतं तसे. तो क्रम तिथल्या माणसांना विचारूनच लागेल, आणि विचारण्यातच निम्मा कार्यक्रम आहे. लोकांना तासभर आधी बोलवा. फिरू दे, बोलू दे, भांडू दे. खाली पेन्सिली बांधून ठेवा, ज्याला जे नाव आठवेल ते त्यानं लिहावं, दुसऱ्यानं खोडावं. मग आत या, दिवे लावलेलेच ठेवा, आणि गाणाऱ्याला पूर्ण वेळ द्या. आत फोटो हवाच असेल तर एकच, आणि तो गायकाच्या मागे नको, बाजूला ठेवा, म्हणजे तानपुरेवालीलाही दिसेल. हा माझा स्वार्थ समजा.

फोटो मागायला जाल तेव्हा अल्बम उचलून आणू नका. तिथंच बसून स्कॅन करा आणि त्याच दिवशी परत द्या. या शहरात ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेलेले किती अल्बम अजून कुणाकुणाच्या कपाटात पडून आहेत, याची मोजदाद नको. घरातल्या बायकांचे फोटो लावायचे की नाहीत हे त्यांना विचारा. ‘नको’ म्हणाल्या तर नको. तो दारामागचा हात मी तुम्हाला एवढ्यासाठीच सांगितला. आमंत्रण मराठीबरोबर गुजरातीत आणि उर्दूतही छापा, कारण तिथं बोहरा आहेत, मेमन आहेत, कोकणी मुसलमान आहेत, आणि यातल्या कित्येकांचा या घराण्याशी काही संबंध नव्हता आणि नाही. काही घरांत गाणं चालतही नसेल. अमान अली खाँसाहेब वर रियाज करत असताना खालचा दुकानदार ‘आता पुरे’ म्हणून वैतागत असेल अशी माझी खात्रीच आहे. मला तोही दुकानदार त्या भिंतीवर हवा आहे. ‘गल्लीगल्लीतून सूर झिरपत होते’ असलं निवेदन मात्र कृपा करून लिहून घेऊ नका. गल्ल्यांतून गटारंही झिरपत होती.

बैठक शक्य असेल तर तिथंच करा. ताडदेवच्या वातानुकूलित सभागृहात नको, दक्षिण मुंबईच्या प्रायोजकांना सोयीचं म्हणून तर नकोच. न्यूयॉर्कचं एक उदाहरण देते. पन्नासच्या दशकात सॅन हुआन हिल नावाची वस्ती पाडण्याचं ठरलं, मुख्यतः काळ्या आणि पोर्टो रिकन लोकांची. हजारो कुटुंबं हलवली गेली आणि तिथं लिंकन सेंटर हे कलासंकुल उभं राहिलं. १९६२ मध्ये पहिलं सभागृह उघडलं. २०२२ मध्ये त्याच सभागृहाचं नूतनीकरण झालं तेव्हा त्रिनिदादच्या एटिएन चार्ल्स या ट्रम्पेटवादक रचनाकारानं त्या पाडलेल्या वस्तीवर रचना केली आणि ती न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत तिथंच सादर झाली. आपण कुणाच्या घरांवर बसून व्हायोलिन ऐकतो आहोत हे म्हणायला त्या संकुलाला साठ वर्षं लागली. भेंडीबाजारात संगीतासाठी कुणाचं घर पाडलेलं नाही, आपल्यावर तसलं ओझं नाही. मग आपल्याला उशीर व्हायचं कारण काय?

पैशांचं म्हणाल तर हा कार्यक्रम तुमच्या नेहमीच्या वार्षिक महोत्सवाच्या एका रात्रीपेक्षा स्वस्तात होईल. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, एडिटिंगवाला नाही. खर्च छपाईचा आणि गायकाच्या मानधनाचा. आणि गायक निवडताना एवढंच बघा की त्या घराण्याची तालीम घेतलेलं कुणी आहे का. अशी माणसं आहेत, थोडी आहेत, महोत्सवांच्या पत्रिकांवर ती मोठ्या टाइपात नसतात. मैफलीचं ध्वनिमुद्रण करा, आणि फोटोंखाली लोकांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या नावांचेही फोटो काढा. नावांसकट सगळ्याची एक प्रत तुमच्या दप्तरात आणि एक तिथल्या लोकांकडे. एडिटिंगवाल्याकडे नको.

मी दोन तानपुरे घेऊन येईन. जव्हारी लावून घेतली आहे, मानधन नको.

आणि जाता जाता एक काम. गेल्या थंडीतला तो कार्यक्रम ज्या मंडळानं केला त्यांच्याकडे आमंत्रितांची वही असेल. तिसरी रांग, मधल्या वाटेपासून दुसरी किंवा तिसरी खुर्ची, फिकट निळी साडी. त्यांचा फोन नंबर शोधा आणि तो पिंपाचा फोटो एडिटिंगवाल्याकडून सोडवून त्यांना द्या. जमलं तर त्यांना विचारून घ्या, तेरा आणि पंधरा नंबरला कोण राहत होतं.

आपली,
एक तानपुरेवाली